स्वतःची मोटर की पाणीपुरवठा संस्था? नदीपासून लांब रान असणाऱ्यांसाठी

नदीकाठालाच रान असेल तर तुम्हाला फार विचार करायची गरज नाही. लहान मोटर बसवा, चार पाइप जोडा, झालं. खरा प्रश्न पडतो तो नदी आणि आपलं रान यांच्यामध्ये दुसऱ्यांची रानं, एखादा रस्ता आणि चांगलाच चढ असणाऱ्यांना. कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, राधानगरी, कागल, भुदरगडकडे असे शेतकरी बरेच आहेत. बापजाद्यांचं जिरायत रान बागायत करायचं म्हटलं की दोन वाटा दिसतात: वीजजोडणी घेऊन नदीवर आपली मोटर बसवायची, नाहीतर गावच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा शेअर घेऊन सभासद व्हायचं, म्हणजे तिच्या मोठ्या मोटरीचं पाणी पाइपातून पाळीपाळीनं घ्यायचं.

मी दोन्हीचं पाणी उसाला पाजलेलं आहे. आधी भोगावती नदीवर भावकीची सामाईक मोटर होती, आता गावच्या संस्थेचं पाणी घेतो. माझा कल कुठं आहे ते वाचताना कळेलच, पण तो माझ्या रानापुरता आणि माझ्या नदीपुरता आहे. तुमचं रान, तुमची भावकी, तुमची संस्था वेगळी असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं.

आत्ता कुणालाही विचाराल तर तो मोटरच घे म्हणेल, आणि त्याला कारण आहे. एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला बिल येत नाही, आणि योजना मार्च २०२९ पर्यंतची आहे. संस्थेच्या मोठ्या मोटरींना ही सवलत नाही. त्यांना उच्चदाब योजनांचा सवलतीचा दर मिळतो, युनिटला १ रुपया १६ पैसे, आणि त्याची मुदत सरकारकडून पुन्हा पुन्हा वाढवून घ्यावी लागते. हा दरही सहज पदरात पडलेला नाही. प्रा. एन. डी. पाटलांच्या नेतृत्वाखाली कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी वीजबिलासाठी किती मोर्चे काढले, ते इथल्या जुन्या माणसांना आठवत असेल. सांगायचा मुद्दा असा की शेजारच्याला वीज फुकट आणि आपण मात्र संस्थेची पाणीपट्टी भरायची, हे मनाला लागतं. मलाही लागतं.

पण साडेसातच्या मोटरीचं गणित काठावर एक आणि माळावर दुसरं. त्याच मोटरीनं दुप्पट उंचीवर पाणी चढवायचं तर पाणी जवळपास निम्मं होतं. वर लांब पाइपातलं घर्षण आणखी खातं. आमच्या मोटरीचं पाणी खालच्या रानात सरी भरून धावायचं, वरच्या तुकड्यात मात्र सरीच्या शेंड्याला पोचेपर्यंत वीज जायची वेळ व्हायची. वरच्या रानाला दहा किंवा साडेबारा अश्वशक्तीची मोटर बसवायची म्हटलं की मोफत विजेच्या हद्दीतून आपण बाहेर. म्हणून योजनेचं नाव ऐकून ठरवू नका. आधी नदीच्या उन्हाळी पातळीपासून रानाच्या सर्वांत उंच कोपऱ्यापर्यंतची उंची एकदा काढून घ्या.

वीज येते कधी, हेही बघायला हवं. शेतीच्या वाहिनीला एक आठवडा दिवसा, पुढचा आठवडा रात्री, असा फेर अजून बऱ्याच ठिकाणी आहे. सौर वाहिन्या जिथं झाल्या तिथं दिवसा वीज मिळायला लागली, आणि ते खरंच चांगलं काम आहे. बाकीच्या गावांत रात्रीच्या आठवड्यात बॅटरी घेऊन बांधावर उभं राहावं लागतं. राधानगरी, भुदरगड, आजऱ्याकडे रात्री उसात गवा उभा असतो, त्याची भीती काय असते ते तिकडच्यांनाच विचारा. संस्थेची मोटर रात्री चालते तेव्हा जॅकवेलवर, म्हणजे नदीकाठच्या पंपाच्या विहिरीवर, ऑपरेटर असतो. आपल्या चेंबरचं, म्हणजे पाइपातून रानात पाणी सोडायच्या हौदाचं, दार उघडून द्यायला पाणी वाटणारा पाटकरी असतो. रानात पाणी फिरवायला आपल्याला जावं लागतंच, पण निम्मी रात्र तरी वाचते.

एवढ्यावर मी काही मोटर सोडली नसती. रात्रीची सवय होते, आणि आता मोबाइलवरून चालू-बंद होणारे स्टार्टरही मिळतात. माझा निर्णय झाला तो पावसाळ्यातल्या मोटर काढण्यावरून.

ही अडचण कोल्हापूरबाहेरच्यांना नीट समजत नाही. साधा मोनोब्लॉक पंप पाणी खालून ओढतो ते फार तर वीस-बावीस फुटांवरून. म्हणजे पंप पाण्याच्या जवळच बसवावा लागतो. आपल्या नद्यांचं पाणी तर वर्षभर खाली-वर होत असतं. पावसाळा सरला की बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि पाणी चढतं. उन्हाळ्यात ते उतरत जातं, तसा पंप दरडीवरून खाली सरकवायचा. धरणातून पाणी सोडलं की परत वर घ्यायचा. आणि मृग लागला की सगळं उचलून घरी आणायची तयारी ठेवायची: मोटर, पंप, फूटव्हॉल्व्ह, सक्शनचा पाइप, केबल, स्टार्टरची पेटी.

काढायचं कधी, हा खरा ताप. लवकर काढली आणि पाऊस ओढ देऊन बसला तर जुलैच्या कोरड्या आठवड्यात भाताचं तरू म्हणजे रोपं आणि उसाची आडसाली लागण पाण्यावाचून राहते. उशीर केला तर नदी एका रात्रीत दरड चढून येते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी खाली येतं. दोन दरवाजे उघडल्याचा निरोप संध्याकाळी मोबाइलवर आला की सगळा काठ एकाच वेळी धावत सुटतो. ट्रॅक्टर एक, दोरखंड एक, आणि मोटर काढायची सगळ्यांनाच. चिखलात पाय ठरत नाही, वीज बंद केली का याची खात्री नाही, आणि माणसं शोधायला जावं तर तीही आपापल्या मोटरीपाशी. भावकीची मोटर असेल तर आणखी एक गोष्ट होते: जो गावात असतो तोच दर वर्षी चिखलात उतरतो. जो पुण्याला असतो तो फोनवरून विचारतो, काढली का? यावरून आमच्या घरात जेवढी बोलाचाली झाली तेवढी बांधावरूनही झाली नाही.

महापुराच्या वर्षी तर हिशेबच नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. काठावर 'सुरक्षित' म्हणून वर आणून ठेवलेल्या मोटरीही त्या पाण्याखाली गेल्या. नंतर वाइंडिंगवाल्याच्या दारात ढीग, आणि आपला नंबर लागेपर्यंत पिकानं तोंड फिरवलेलं.

संस्थेच्या जॅकवेलचं असं होत नाही असं मी म्हणणार नाही. मोठ्या पुरात जॅकवेलही बुडाल्या. पण साध्या पुरात मोटर वरच्या मजल्यावर कोरडी असते, कारण खाली पाण्यात फक्त पंप आणि मध्ये लांब शाफ्ट असतो. नदी खाली गेली काय, वर आली काय, सरकवासरकव करावी लागत नाही. आणि बुडालीच, तर ती काढायची, सुकवायची, परत बसवायची जबाबदारी सेक्रेटरी आणि ऑपरेटरची असते. तिचा खर्च सगळ्या सभासदांत वाटला जातो. त्या रात्री मी घरी असतो. मला हे एकच कारण पुरलं.

आता संस्थेची दुसरी बाजू सांगतो, कारण तीही मी भोगतोय.

पाळी हा संस्थेचा सगळ्यात मोठा तोटा आहे. कागदावर पंधरा-वीस दिवसांनी फेर. उन्हाळ्यात वीज गेली, पाइप फुटला, नदीला उपसाबंदी लागली की तो लांबतो. उपसाबंदी स्वतःच्या मोटरीलाही लागते, पण बंदी उठल्यावर आपल्या मोटरीचं बटण आपण दाबतो. संस्थेत बंदी ज्या चेंबरवर लागली तिथूनच फेर पुढं सरकतो आणि शेवटच्या चेंबरचा माणूस आभाळाकडे बघत बसतो. शेवटच्या चेंबरचं रान असेल तर संस्थेचा विचार दोनदा करा. पाइपाच्या शेपटाला दाब कमी असतो, आणि पाटकरी कितीही सरळ असला तरी त्याला आधी भेटतात ते वरचेच.

भाजीपाल्याला संस्थेचं पाणी जमत नाही. वांगी, टोमॅटो, काकडी पंधरा दिवस थांबत नाहीत. ठिबक करायचं तर पाळीचं पाणी साठवायला शेततळं किंवा विहीर हवी. माझ्या ओळखीत ज्यांनी ऊस सोडून भाजी धरली, त्यांनी संस्थेचा शेअर ठेवून विहिरीवर सौर पंप घेतला. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के रक्कम भरावी लागते. विहिरीला पाणी असेल तर ही जोडी मला चांगली वाटते.

पाण्याच्या मापाबद्दल मात्र दोन्हीकडे सारखंच दुखणं आहे. एकरी ठरावीक पाणीपट्टी भरली की माणूस सरी काठोकाठ भरून घेतो. फुकट वीज असली की मोटर रात्रभर चालू ठेवतो. शिरोळ आणि हातकणंगल्याकडे जमिनी क्षारपड झाल्या त्या अशाच जास्तीच्या पाण्यानं. पाळीमुळे निदान मध्ये रान वाफशावर यायला सवड मिळते, असं मला माझ्या उसाच्या फुटव्यावरून वाटतं. मोजून बघितलेलं नाही.

यानंतर हमखास येणारी शंका म्हणजे, संस्था बुडाली तर? शंका रास्त आहे. भूविकास बँकेचं कर्ज काढून उभ्या राहिलेल्या कितीतरी योजना पडल्या, आणि पाणी एक दिवसही न मिळालेल्या सभासदांच्या सातबाऱ्यावर बोजा राहिला. सभासदांच्या मालकीची अशी संस्था कशानं टिकते आणि कशानं मोडते, हे बघायचं असेल तर मी लोकांना आपल्या पाणी संस्थांच्या आधी दोन वीज संस्थांचा इतिहास सांगतो. दोन्ही आपल्या ओळखीच्या मुलखातल्या आहेत.

१९६९ मध्ये केंद्र सरकारनं ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ काढलं. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून शेतकऱ्यांच्या सहकारी वीज संस्थांनी खेड्यापाड्यांत तारा नेल्या होत्या. तोच प्रयोग इथं करून बघायचा ठरला आणि तिथल्या संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेची मदत घेऊन देशात पाच ठिकाणं निवडली: आंध्रात सिरसिल्ला, गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौजवळ एक, महाराष्ट्रात श्रीरामपूरची मुळा-प्रवरा आणि कर्नाटकात हुक्केरी. कल्पना सरळ होती. वीज घाऊक विकत घ्यायची, आपल्या तारांवरून आपल्या तालुक्यात वाटायची, ग्राहक हाच सभासद, आणि संचालक त्याच्या मतावर निवडून यायचे.

हुक्केरी आपल्याला परकी नाही. गडहिंग्लजहून संकेश्वरला गेलं की आपण त्याच तालुक्यात असतो. तिकडे आपले निम्मे पै-पाव्हणे आहेत. ती संस्था आजही वीज वाटते. तिच्या निवडणुकीला साखर कारखान्याच्या निवडणुकीएवढी चुरस असते. याला नावं ठेवणारे आहेत, मला मात्र ते चांगलं लक्षण वाटतं. माणसं ज्या संस्थेसाठी भांडतात ती त्यांना आपली वाटते.

मुळा-प्रवरेचं उलट झालं. पाच तालुक्यांत पसरलेली, ऊसपट्ट्यातली, शेतीपंपांचा मोठा भार असलेली संस्था. शेतकऱ्याला परवडणारा दर आणि घाऊक विजेचा दर यांत मेळ बसेना. थकबाकी वाढत गेली. घाऊक दर किती असावा यावर वीज मंडळाशी वर्षानुवर्षं वाद चालला आणि देणं दोन हजार कोटींच्या वर गेलं. परवान्याची मुदत ३१ जानेवारी २०११ ला संपली, वीज नियामक आयोगानं तो भाग महावितरणकडे दिला, आणि चाळीस वर्षांची संस्था तारांसकट हातातून गेली. दोष कुणाचा यावर तिकडे अजून दोन मतं आहेत आणि मी तिथला नाही. पण एवढं दिसतं की दर आपल्या हातात नाही आणि वसुलीही ढिली, अशा दोन्ही बाजूंनी कोंडी झाली की सभासदांची मालकी कागदावर उरते.

कोल्हापुरात सहकार विजेच्या तारांपर्यंत गेला नाही. तो मीटरच्या अलीकडे थांबला आणि पाण्याच्या पाइपात शिरला. वीज मंडळाकडून घ्यायची आणि पाणी आपण वाटायचं. यात दोन गोष्टी आपल्या बाजूनं पडल्या. एक म्हणजे पाणीपट्टी सर्वसाधारण सभेत ठरते, त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. वीज महागली की सभा गरम होते, दोन तास आरडाओरडा होतो, पण शेवटी पाणीपट्टी वाढते आणि बिल भरलं जातं. दुसरी गोष्ट जास्त मोलाची: वसुली साखर कारखान्यातून होते. ऊस कारखान्याला गेला की बिलातून संस्थेची पाणीपट्टी आधी कापली जाते, मग उरलेली रक्कम आपल्या खात्यावर येते. कुणाच्या दारात जावं लागत नाही, कुणाशी वाईटपणा येत नाही. मुळा-प्रवरेचा मुलूखही उसाचाच होता, पण विजेच्या बिलाला अशी पक्की साखळी तिथं बसली नव्हती असं मला वाटतं. आमच्याकडच्या पाणी संस्था पन्नास-पन्नास वर्षं चालल्या त्यामागे संचालकांची हुशारी किती आणि ही कपात किती, हे मी सांगू शकत नाही, पण माझं पारडं कपातीकडे झुकतं.

या सगळ्याच्या मुळाशी राधानगरी आहे, हे विसरून चालणार नाही. शाहू महाराजांनी ते धरण मनावर घेतलं, आणि त्याच्याखाली ठिकठिकाणी बंधारे झाले, म्हणून भोगावती आणि पंचगंगा उन्हाळ्यात वाहतात. नदीच आटली असती तर मोटर कुणाची हा वाद घालायला कुणी उरलं नसतं.

तेव्हा संस्थेत जायचं ठरवत असाल तर जॅकवेल किती मोठी आणि मोटर किती अश्वशक्तीची, हे विचारत बसू नका. ते नोटीस बोर्डावर असतं. वीजबिलाची थकबाकी किती आहे ते विचारा. मागच्या तीन वर्षांत पाणीपट्टीची वसुली किती टक्के झाली ते अहवालातून काढा. किती सभासदांचा ऊस करार केलेल्या कारखान्याला जातो आणि किती जणांचा गुऱ्हाळाला किंवा दुसऱ्याच कारखान्याला, हेही बघा, कारण कपात चुकते ती तिथंच. संस्थेचं जुनं कर्ज सभासदांच्या सातबाऱ्यावर चढलंय का, हे तलाठ्याकडे जाऊन स्वतः तपासा. सेक्रेटरी 'काही नाही ओ' म्हणाला तरी. आणि पाइप कधी टाकलेला आहे ते विचारा. जुना सिमेंटचा पाइप असेल तर फुटण्यात फेर जातात.

वसुली नव्वद टक्क्यांच्या आसपास आणि वीजबिल चालू असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: ऊस घेणाऱ्यानं आणि नदीपासून लांब असणाऱ्यानं संस्थेत जावं. पाणीपट्टी जास्त वाटेल. पण स्वतःच्या मोटरीचं वाइंडिंग, केबल, फूटव्हॉल्व्ह, पाइपलाइनसाठी शेजाऱ्याच्या बांधातून घेतलेली वाट आणि तिच्यावरून दर नांगरटीला होणारी कटकट हे सगळं कुठल्याच योजनेत फुकट नाही.

मोटर घ्यावी असे लोकही आहेत. ज्यांचं रान नदीपासून जवळ आणि फार उंचावर नाही, साडेसातमध्ये भागतंय, घरात एक तरी जवान माणूस बारमाही गावात आहे, आणि भाजी किंवा फुलं करायची आहेत, त्यांनी संस्थेची वाट बघू नये. ज्यांच्या गावची संस्था नुसती नावाला उरली आहे, त्यांना तर दुसरा रस्ताच नाही. त्यांनी पाटबंधारेचा पाणी परवाना आधी काढावा, जोडणीचा अर्ज त्यानंतर. शक्य असेल तर दरडीवर सिमेंटचा उंच कठडा बांधून पाण्यात बुडणारा पंप बसवावा, म्हणजे सरकवासरकव तरी वाचेल. भावकीत सामाईक घेणार असाल तर पावसाळ्यात मोटर कोण काढणार हे पैसे काढायच्या आधी लिहून घ्या.

संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. सभासद नसलात तरी अहवालाची प्रत गावात कुणाच्याही घरी मिळते. ती वाचून, शेवटच्या चेंबरवरच्या एखाद्या सभासदाला एप्रिल-मेमध्ये पाणी कसं मिळालं ते विचारून, मग शेअरचा अर्ज करा. आमच्याकडे नवीन क्षेत्र घेतात ते दिवाळीनंतर, बरगे घातल्यावर. तुमच्या संस्थेत कधी घेतात ते सेक्रेटरीला आत्ताच विचारून ठेवा.